न लिहिलेल्या पानाचा पत्ता

गेल्या महिन्यात माझी ऑन-कॉलची पाळी होती. रात्री पावणेदोनला फोन किंचाळला. रोज रात्री चालणारी एक बॅच अर्ध्यावर अडकली होती आणि मागे कामांची रांग तुंबत चालली होती. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, ऑफिसच्या विकीवरचं रनबुक काढलं. पहिल्या सहा पायऱ्या झकास. सातव्या पायरीवर लिहिलं होतं, ‘तरीही रांग हलत नसेल तर पहा: रांग हाताने मोकळी करणे’. लिंक होती, पण लाल रंगाची. तरी क्लिक केलं (रात्री दोन वाजता माणूस उगाचच आशावादी असतो). समोर पांढराशुभ्र रिकामा चौकोन, त्यात लुकलुकणारा कर्सर आणि वर एक ओळ: हे पान अजून नाही, हवं तर तुम्हीच लिहा.

आधी दोन-तीन अस्सल मराठी शिव्या हासडल्या. मग म्हटलं, लिंक टाकून पान लिहायला विसरलेला हा महाभाग कोण ते तरी बघू. त्या पानाचा इतिहास उघडला. दोन वर्षांपूर्वीचा बदल, आणि नाव माझंच :-)

पहाटे साडेचारला प्रकरण मिटलं, पण झोप पार उडाली होती. डोक्यात एकच किडा वळवळत होता. मुळात या सॉफ्टवेअरने मला नसलेल्या पानाची लिंक टाकूच का दिली? ही चूक आहे की सोय? आणि सोय असेल तर ती सुचली कोणाला? या वीकेंडला तेच खोदत बसलो होतो. जे सापडलं ते मला तरी भारी वाटलं, म्हणून इथे मांडतोय.

आधी आपल्या धंद्यातली गोष्ट. तुमच्यापैकी ज्यांनी कधी सीएमएस बांधलाय त्यांना हे डिझाइन तोंडपाठ असेल. एक टेबल पानांचं, प्रत्येक पानाला नंबर. दुसरं टेबल लिंक्सचं, त्यात दोन नंबर: कुठून आणि कुठे. दोन्हींवर फॉरेन की. म्हणजे जे पान नाही त्याची लिंक डेटाबेसच घेणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॉलेजात हेच शिकवलं, इंटरव्ह्यूमध्ये हेच विचारलं, आणि बँकेच्या खात्यांसाठी ते शंभर टक्के बरोबरही आहे.

पण लिहिणाऱ्या माणसाचं काय होतं बघा. तो लिहिता लिहिता थांबतो, ड्रॉपडाउनमध्ये हवं ते पान शोधतो, ते नसतं. मग तो लिंक न देता पुढे जातो. ‘इथे एक पान हवं होतं’ ही त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट तिथेच विरून जाते. डेटाबेस एकदम स्वच्छ राहतो, आणि काय लिहायचं राहिलंय हे कुणालाच कळत नाही. म्हणजे एखादी गोष्ट नसणंही दोन प्रकारचं असतं. एक, ज्याचा पत्ता लिहून ठेवलाय. दुसरं, ज्याचा पत्ताच नाही. पहिलं नसणं कधीतरी भरून निघायची शक्यता असते. दुसरं आपल्याला दिसतच नाही.

ही अडचण कॉम्प्युटरपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये दिदेरो आणि दालांबेर यांच्या प्रसिद्ध ज्ञानकोशाचा पहिला खंड १७५१ मध्ये आला. खंड अक्षरांच्या क्रमाने निघणार होते आणि लेखांमध्ये जागोजागी ‘अमुक लेख पहा’ असे संदर्भ होते. हे संदर्भ म्हणजे नुसती सोय नव्हती, एका विषयातून दुसऱ्या विषयात नेणारा तो रस्ता आहे असं दिदेरोचं मत होतं. आता पहिल्या खंडातल्या लेखाने शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवलं, तर ते पान तेव्हा कुठे होतं? १७५९ मध्ये सरकारने परवानाच काढून घेतला. उरलेले दहा मजकूर-खंड एकदम १७६५ मध्ये बाहेर पडले, तेव्हा कुठे सतरा खंड पुरे झाले. मधल्या चौदा वर्षांत वाचकाच्या हातात होतं ते फक्त वचन. काही वचनं तर मोडलीच. ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं असे काही लेख कधी लिहिलेच गेले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच आहे. मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, काम चालायचं वाईहून. अकारविल्हे खंडांपैकी पहिला आला १९७६ मध्ये, आणि विसाव्या खंडाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये. मधे एकोणचाळीस वर्षं! ‘अ’च्या खंडातल्या नोंदीखाली ‘पहा’ असं म्हणून ‘ह’च्या एखाद्या नोंदीचं नाव छापायचं, तर ती नोंद लोकांच्या हातात पडेपर्यंत वाचकाची एक पिढी उलटणार. तर्कतीर्थ स्वतः १९९४ मध्ये गेले. ज्या पानांचे पत्ते त्यांच्या देखरेखीखाली छापले गेले, त्यातली कितीतरी पाने त्यांच्यामागे दुसऱ्यांनी पूर्ण केली. हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. दोन वर्षं राहिलेलं माझं एक पान म्हणजे किस झाड की पत्ती.

कागदावर एक अडचण मात्र होतीच. पत्ता सगळ्यांना दिसायचा, पण पान लिहायचा हक्क फक्त संपादक मंडळाकडे. वाचकाने वाट बघायची.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९८० मध्ये टिम बर्नर्स-ली सर्नमध्ये काही महिन्यांच्या कंत्राटावर काम करत होता. तिथली माणसं, मशिनं आणि प्रोग्राम यांचे संबंध लक्षात राहीनात म्हणून त्याने ‘एन्क्वायर’ नावाचा एक प्रोग्राम स्वतःपुरता लिहिला. त्यात एक गंमत होती. नवीन पान असं सुटं तयारच करता यायचं नाही. जुन्या पानावरून लिंक काढली तरच त्या लिंकच्या टोकाला नवीन पान उगवायचं. म्हणजे नातं आधी आणि पान नंतर!

पुढे १९८९ पासून त्याने वेबचं डिझाइन केलं तेव्हा आणखी एक धाडसी निर्णय घेतला. लिंक देताना समोरचं पान आहे की नाही हे कोणी तपासायचं नाही. मध्यवर्ती वही नाही, कुणाची परवानगी नाही. त्या काळच्या हायपरटेक्स्टवाल्यांना हा गबाळेपणा वाटायचा. लिंक तुटली तर काय? टेड नेल्सनने तर वेबच्या या तुटणाऱ्या, एकतर्फी लिंक्सवर वर्षानुवर्षं टीका केली. १९९१ मध्ये सॅन अँटोनियोच्या हायपरटेक्स्ट परिषदेत बर्नर्स-लीचा पेपर नाकारला गेला, आणि त्याला नुसतं प्रात्यक्षिक दाखवून समाधान मानावं लागलं. पण हा ‘गबाळेपणा’ होता म्हणूनच वेब जगभर पसरू शकलं. त्याची किंमत म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं ४०४. मात्र हे ४०४ म्हणजे बंद दार. पान नाही एवढंच ते सांगतं. ‘मग तूच लिही’ असं म्हणत नाही.

ते म्हणायला लावलं वॉर्ड कनिंगहॅमने.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा माणूस टेक्ट्रॉनिक्समध्ये होता. १९८७ मध्ये अ‍ॅपलने बिल अ‍ॅटकिन्सनचं हायपरकार्ड बाजारात आणलं होतं. पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं आणि त्यांच्यामध्ये उड्या मारायला बटणं. कनिंगहॅमला त्यात कंपनीतल्या कल्पना, माणसं आणि प्रोजेक्ट्स यांचा माग ठेवायचा होता. पण हायपरकार्डमध्ये लिंक जोडायची तर ज्या कार्डावर जायचं ते आधी उघडून दाखवावं लागे. म्हणजे ते आधी असायला हवं. पुन्हा आपला आड आणि पोहरा!

त्याने एक साधी युक्ती केली. कार्डावर नुसतं नाव टाइप करायचं आणि शेजारचं बटण दाबायचं. त्या नावाचं कार्ड असेल तर तिथे उडी. नसेल तर मशीन बीप करणार. आणि बीप झाल्यावरही बटण दाबून धरलं तर त्या नावाचं नवं कोरं कार्ड तयार! बस, एवढंच. माझ्या मते आजच्या लाल लिंकचा जन्म त्या बीपमध्ये आहे. चुकीचा इशारा आणि आमंत्रण, दोन्ही एकाच बटणावर. सहकारी बघायला म्हणून येत आणि स्वतःला माहीत असलेलं काहीतरी भरत बसत.

२५ मार्च १९९५ ला त्याने हीच कल्पना वेबवर आणली, काही पर्ल स्क्रिप्ट्समध्ये. ‘क्विकवेब’ हे नाव डोक्यात होतं, पण त्याला होनोलुलू विमानतळावरची ‘विकी विकी’ बस आठवली. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. मग नाव ठरलं विकीविकीवेब. १ मे १९९५ ला त्याने सॉफ्टवेअर पॅटर्न्सवाल्या मंडळींना ई-मेल करून लिहायला बोलावलं. तिथे बटण नव्हतं. दोन-तीन शब्द मधली जागा न सोडता, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून लिहिले की आपोआप लिंक. यालाच आपण कॅमलकेस म्हणतो. पान असेल तर नेहमीसारखी लिंक, नसेल तर शब्दापुढे एक छोटं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की लिहायचा चौकोन.

प्रश्नचिन्ह हे फारच समर्पक होतं. ‘हे काय आहे, कोणाला माहीत आहे का?’ असं ते पान चारचौघांत विचारत असायचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता उत्तर द्यायला संपादक मंडळाची गरज नव्हती.

पुढची गोष्ट विकिपीडियाची. तिच्याआधी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया सुरू झाला होता. तज्ज्ञांनी लेख लिहायचा आणि तो सात टप्प्यांच्या तपासणीतून जाणार. २००३ मध्ये बंद पडेपर्यंत त्यात पूर्ण झालेले लेख होते साधारण दोन डझन. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ ला बाजूला एक विकी सुरू केला, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीला तिथेही कॅमलकेसच होतं, पण विश्वकोशात सगळे शब्द चिकटवून कसं चालेल? लवकरच दुहेरी चौकटी कंसात कुठलंही नाव लिहून लिंक द्यायची सोय आली.

इथे मराठीचा थेट संबंध येतो. कॅमलकेस देवनागरीत शक्यच नव्हतं, कारण आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. चौकटी कंस आले नसते तर मराठीत लिंक द्यायची कशी, हाच प्रश्न पडला असता. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि योगायोगाने कनिंगहॅमच्या त्या ई-मेलला बरोबर आठ वर्षं होताना, मराठी विकिपीडिया सुरू झाला. नव्या विकिपीडियावर काय असतं? मूठभर पानं आणि लाल लिंक्सचं रान.

दरम्यान प्रश्नचिन्हाची जागा लाल रंगाने घेतली. २००२ मध्ये मॅग्नस मान्स्के आणि मग ली डॅनियल क्रॉकर यांनी नवा कोड लिहिला, त्याचाच पुढे मीडियाविकी झाला. (प्रश्नचिन्ह बरीच वर्षं ‘आवडत असेल तर ठेवा’ म्हणून सेटिंग्जमध्ये शिल्लक होतं.) या मीडियाविकीचं डेटाबेसचं टेबल बघून मी खुर्चीत सरळ बसलो. सुरुवातीला तिथे लिंक्सची दोन टेबलं होती, एक धड लिंक्सचं आणि दुसरं तुटलेल्या लिंक्सचं. २००५ मध्ये दोन्ही एकत्र केली. आणि एकत्र करताना ‘कुठून’च्या रकान्यात पानाचा नंबर, पण ‘कुठे’च्या रकान्यात चक्क नाव! कारण सरळ आहे. जे पान नाही त्याला नंबर कुठला? पण नाव मात्र असू शकतं. अलीकडच्या आवृत्त्यांत तर आणखी मजा आहे. जागा वाचवायला लिंकच्या टोकांसाठी वेगळं टेबल केलंय, त्यात प्रत्येक नावाला एक नंबर मिळतो, मग त्या नावाचं पान असो वा नसो. म्हणजे जन्माआधीच आधार कार्ड :-)

या एका निर्णयातून बाकीचं सगळं आपोआप मिळतं. कोणत्या नसलेल्या पानाकडे सर्वात जास्त लिंक्स येतात हे मोजता येतं. मीडियाविकीत ‘पाहिजे असलेले लेख’ अशी यादीच असते. लोकांनी न ठरवता, न मीटिंग घेता तयार केलेली कामांची यादी! आणि पान तयार झालं की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या पानांचा कॅश रद्द करावा लागतो, म्हणजे तिथल्या लाल लिंक्स निळ्या होतात. हे सगळं चालवणं फुकट नाही, पण त्यातून मिळतं काय? स्पिनेलिस आणि लुरिदास या दोघांनी २००८ मध्ये विकिपीडियाच्या वाढीचा अभ्यास छापला. त्यांना दिसलं की नसलेल्या पानांच्या लिंक्स हेच नव्या पानांच्या जन्माचं एक मोठं कारण आहे, आणि बहुतेक वेळा लिंक टाकणारा एक आणि पान लिहिणारा दुसराच असतो.

म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी केलं ते अगदीच पाप नव्हतं तर!

अर्थात सगळंच गोड नाही. दोन अनोळखी माणसांनी एकाच नसलेल्या पानाला एकच नाव दिलं, तरच हा खेळ जमतो. एकाने ‘टिळक’ लिहिलं, दुसऱ्याने ‘लोकमान्य टिळक’, तिसऱ्याने ‘बाळ गंगाधर टिळक’, तर तीन लाल लिंक्स होतात आणि एकीचंही वजन कळत नाही. मराठीत तर विभक्तीचं दुखणं आहेच. इंग्रजीत कंसाबाहेर एखादं अक्षर चिकटवलं की अनेकवचन होतं. आपल्याकडे ‘पुणे’चं ‘पुण्याच्या’ होतं, शब्द आतूनच बदलतो. म्हणून आधी ‘पुणे’, मग उभी रेघ, मग ‘पुण्याच्या’ असं दोनदा लिहावं लागतं. घाईत नुसतं ‘पुण्याच्या’ कंसात टाकलं की लाल! हे वचन नव्हे, ही नुसती चूक. आणि दोन्हींचा रंग एकच.

दुसरी अडचण माणसांची आहे. लाल रंग डोळ्यांना खुपतो. पान ‘अर्धवट’ दिसतं. मग कोणीतरी नीटनेटका माणूस येतो आणि लाल लिंक्स काढून टाकतो. इंग्रजी विकिपीडियाचा नियम याच्या उलट आहे. विषय पान होण्यालायक असेल तर लाल लिंक राहू द्या, असं तो सांगतो. पण तिथेच ‘उत्कृष्ट यादी’ व्हायची तर लाल लिंक्स कमीत कमी हव्यात. दिसायला चांगलं आणि प्रामाणिक यांच्यातलं हे भांडण आपल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही रोज चालतं, नाही का?

काय नाही हे दिसणं किती महत्त्वाचं असतं याचं एक उदाहरण सांगतो. २ ऑक्टोबर २०१८ ला डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जगभरचे लोक इंग्रजी विकिपीडियावर धावले, तर त्यांचं पानच नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी मसुदा दिला होता, तो ‘पुरेसे संदर्भ नाहीत’ म्हणून नाकारला गेला होता. पान झालं ते नोबेलनंतर. अशी किती माणसं असतील? नोव्हेंबर २०१४ च्या मोजणीत इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी जेमतेम साडेपंधरा टक्के स्त्रियांची होती. २०१५ मध्ये काही संपादकांनी यावर काम सुरू केलं आणि प्रकल्पाला नाव दिलं ‘विमेन इन रेड’. लाल लिंक्समधल्या बायका! त्यांचं पहिलं काम काय, तर याद्या करणं. कोणत्या स्त्रीचं पान असायला हवं आणि नाही, तिचं नाव लाल अक्षरात मांडून ठेवायचं. मग ज्याला जमेल तो लिहील. तो आकडा आता वीस टक्क्यांच्या आसपास आलाय. फार नाही. पण आधी जे नसणं कोणाला दिसतच नव्हतं, त्याला निदान पत्ता मिळाला.

तर पुन्हा त्या पहाटेकडे. पाच वाजता चहा करून परत बसलो आणि त्या रिकाम्या पानावर ‘येथे काय जोडले आहे’ दाबलं. मला वाटलं होतं फक्त माझं रनबुक असेल. निघाली सहा पानं. चार वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, त्याच नसलेल्या पानाकडे बोट दाखवलं होतं. त्यातली एक मुलगी तर दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेली. म्हणजे आम्ही पाच जण एकाच खड्ड्यात पडलो होतो, प्रत्येकाने पाटी लावली आणि पुढे गेला. पाटी लावणं सोपं असतं. खड्डा कोणीच बुजवला नाही. कनिंगहॅमने बटण दिलं, पण ते दाबून धरायला माणूस लागतोच.

मराठीत ‘पान’ या शब्दाची एक मजा आहे. पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी आपण पान मांडून ठेवतो. ते रिकामं दिसतं म्हणून कोणी उचलत नाही, आणि वाढणाऱ्याला आपोआप कळतं की अजून कोणीतरी यायचंय. पण रात्र झाली तरी कोणी वाढलंच नाही, तर नुसतं मांडलेलं पान बघून कोणाचं पोट भरत नाही.

मी लिहायला बसलो. रात्री जे केलं ते सगळं, चुकलेल्या दोन कमांड्ससकट. चाळीसेक ओळी झाल्या. सेव्ह केलं, रनबुक रिफ्रेश केलं, सातव्या पायरीवरची लिंक निळी झाली होती. मग बाकीची पाच पानंही एकेक करून उघडून पाहिली. सगळीकडे निळी.

पुढच्या ऑन-कॉलवाल्याला रात्री दोन वाजता शिव्या द्यायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. असो. तुमच्या ऑफिसच्या विकीवर तुमच्या नावावर किती लाल लिंक्स आहेत, सोमवारी जरा बघा.